लाइपझिग : एका दुःखगानाचे नगर

जर्मनीला जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा बर्लिन पाहतो, म्युनिक पाहतो, ऱ्हाईन नदीतून एक फेरी मारतो आणि समाधानाने परततो. लाइपझिगची वाट तो सहसा धरीत नाही. बर्लिनहून आगगाडीने जेमतेम सव्वा तासाचे अंतर. पण १९४९ पासून १९९० पर्यंत हे नगर पूर्व जर्मनीच्या कुंपणाआड राहिले, त्यामुळे प्रवाशांच्या नेहमीच्या वाटेवर ते पडले नाही. जुन्या व्यापारी जत्रांचे, छापखान्यांचे आणि विद्यापीठाचे हे गाव. ऋग्वेदाच्या प्रकाशनामुळे आपल्या घराघरांत ज्यांचे नाव पोहोचले, आणि लोकमान्य तुरुंगात असताना त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी खटपट केली, त्या मॅक्समुल्लर यांनी संस्कृतचे पहिले धडे याच विद्यापीठात घेतले. आमचा भाचा सध्या त्याच गावी संशोधनासाठी राहतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तेथे गेलो. आम्हांला ओढ होती ती मात्र एका चर्चची आणि त्यात गायिल्या जाणाऱ्या एका दीर्घ शोकगीताची.

रेल्वेचे स्थानक अवाढव्य आहे. तेथून जुने गाव पायी पालथे घालता येते. तटबंदीच्या जागी आता रुंद रस्ता आणि झाडी आहे. आत अरुंद गल्ल्या, छत असलेल्या व्यापारी पेठा आणि कॉफीची दुकाने. एका दुकानात ‘लेर्खे’ नावाची बदामाच्या सारणाची छोटी मिठाई मिळाली. लेर्खे म्हणजे चंडोल पक्षी. पूर्वी या गावी चंडोल मारून ते भाजून खात. १८७६ साली त्या शिकारीला बंदी झाली, तेव्हा हलवायांनी त्याच नावाची मिठाई काढली. पक्षी वाचला आणि नावही राहिले, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी आणखी चार घेतल्या.

गावाच्या पश्चिम अंगाला संत थॉमसचे चर्च उभे आहे. त्याचे छप्पर इतके उतरते आहे की दुरून पाहताना भिंतींपेक्षा छप्परच अधिक दिसते. आत मात्र सारे पांढरे आणि साधे; फक्त कमानींच्या कडा तांबड्या. १५३९ साली मार्टिन ल्यूथरने येथे प्रवचन केले. याच चर्चच्या आश्रयाने १२१२ सालापासून मुलांचे एक गायकवृंद चालत आले आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्याही आधी अठ्ठ्याहत्तर वर्षांपासून या गावातील मुले रोज सकाळी उठून स्वर लावीत आहेत! नऊ-दहा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची ही मुले वसतिगृहात राहतात, शाळा शिकतात आणि आठवड्यातून दोनदा चर्चमध्ये गातात. राजे गेले, युद्धे झाली, राज्यपद्धती बदलल्या. गाणे थांबले नाही.

या मुलांना गाणे शिकविण्याच्या नोकरीवर १७२३ च्या मे महिन्यात योहान सेबास्टियन बाख आला. नगरसभेची पहिली पसंती टेलेमान या संगीतकाराला होती, दुसरी ग्राउप्नर याला. दोघेही मिळाले नाहीत, म्हणून तिसऱ्याला बोलावले. त्या वेळी बाख अडतीस वर्षांचा होता. तीन वर्षांपूर्वी तो मालकाबरोबर परगावी गेला असताना त्याची पहिली पत्नी वारली. परत आला तेव्हा तिला मूठमाती देऊनही झालेली होती. दोन विवाहांची मिळून त्याला वीस अपत्ये झाली. त्यांपैकी दहाच मोठी झाली. लाइपझिगच्या पहिल्या काही वर्षांत या घरातून लहान मुलांच्या शवपेट्या वारंवार बाहेर पडल्या. एवढे लक्षात ठेवून मग त्याचे दुःखसंगीत ऐकावे.

येशू ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांतील यातना, त्याचा न्यायनिवाडा, वधस्तंभावरील मृत्यू आणि दफन एवढ्या कथाभागाला पश्चिमेकडे ‘पॅशन’ म्हणतात. या शब्दाचा येथील अर्थ दुःखसहन असा आहे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारच्या उपासनेत ही कथा सुरांत सांगण्याची चाल लाइपझिगमध्ये होती. त्याआधीचे उपवासाचे आठवडे चर्चमध्ये वाद्यवृंदासह मोठे गाणे जवळजवळ बंद असे. इतक्या दिवसांच्या शांततेनंतर लोकांच्या कानी हे गाणे पडे. एक वर्ष ते थॉमसच्या चर्चमध्ये होई, तर दुसऱ्या वर्षी संत निकोलसच्या. बाखचे ‘योहानकृत पॅशन’ १७२४ साली निकोलसच्या चर्चमध्ये झाले, आणि ‘मत्तयकृत पॅशन’ ११ एप्रिल १७२७ रोजी थॉमसच्या. अनेक वर्षे अभ्यासक ते १७२९ सालचे मानीत. १९७५ नंतर आधीची तारीख मान्य झाली. दोन वृंद, दोन वाद्यमेळ आणि गाणाऱ्या मुलांची आणखी एक ओळ, असा त्याचा पसारा. सलग ऐकले तर पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. त्या काळी दोन भागांच्या मध्ये लांबलचक प्रवचनही होई.

या रचनेची घडण वाचकांना परकी वाटण्याचे कारण नाही. आपले नारदीय कीर्तन डोळ्यांपुढे आणावे. कथा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २६ व्या आणि २७ व्या अध्यायांतील, ल्यूथरच्या जर्मन भाषांतरातून अक्षरशः घेतलेली. ती एक गायक सांगतो. तो आपला हरिदास. ख्रिस्त, पेत्र, यहूदा, पिलात यांची बोलणी वेगळे गायक गातात. जमावाची बोलणी वृंद गातो. मध्येच कथा थांबते आणि एखादा गायक घडल्या प्रसंगावर चिंतन करतो. ही चिंतनपर पदे पिकांडर या टोपणनावाच्या कवीने रचली. पोटासाठी तो पोस्टखात्यात नोकरी करी. आणि या सर्वांच्या अधूनमधून येतात ती उपासकांना लहानपणापासून पाठ असलेली जुनी स्तोत्रे. हरिदासाने आख्यान रंगात आले असता तुकोबांचा अभंग धरावा आणि साऱ्या मंडपाच्या ओठांवर तो आधीच असावा, तसेच हे.

त्यांतील एका स्तोत्राची चाल पाच वेळा येते. १६०१ साली हान्स लेओ हास्लर याने ती एका प्रेमगीतासाठी बांधली होती. पुढे तिच्यावर काट्यांचा मुकुट घातलेल्या मस्तकाचे स्तोत्र बसले आणि प्रेमगीत लोक विसरले. नाटकातल्या पदाची चाल भजनात जाऊन बसते आणि पुढे देवळाचीच होऊन जाते, हे आपण पाहिले आहे. बाख ही चाल दर वेळी वेगळ्या पट्टीत आणि वेगळ्या स्वरसंगतीत मांडतो. शेवटच्या वेळी ती येते ती ख्रिस्ताने प्राण सोडल्यानंतर लगेच, आणि तिच्याखालचे सूर असे काही अनोळखी लागतात की ओळखीचे घर रात्री परके दिसावे.

उत्तम शुक्रवारी आम्ही चर्चमध्ये जाऊन बसलो. हवा थंड होती आणि दगडी फरशीतून गारवा पायांत चढत होता. येथे एक मौज आहे. गायक-वादक मागच्या, पश्चिमेकडील सज्जात उभे राहतात. श्रोत्याच्या समोर वेदी असते आणि गाणे पाठीमागून, वरून येते. कोण गातो ते दिसत नाही. आपल्याकडच्या बैठकीत गवयाचा चेहरा, हात, तंबोऱ्यावरची बोटे पाहण्याची आपल्याला सवय. येथे डोळ्यांना काम नाही. कानांनीच सारे घ्यावे लागते. आमच्या हाती शब्दांची पुस्तिका होती आणि भाचा अडले तेथे हलकेच सांगत होता.

आरंभीच एक वृंद लोकांना हाक मारतो की या, पाहा. दुसरा वृंद विचारतो की कोणाला, कसा, कोठे. या प्रश्नोत्तरांच्या वरून मुलांचे कोवळे आवाज निरपराध कोकराचे स्तोत्र अगदी सरळ सुरांत गात जातात. खाली एवढी खळबळ, वर एवढी शांती.

ख्रिस्ताचे बोलणे येते तेव्हा त्याच्याभोवती तंतुवाद्यांचे लांब, स्थिर सूर धरलेले असतात. इतर कोणाच्या बोलण्याला हा मान नाही. जुन्या चित्रांत संतांच्या मस्तकामागे तेजोवलय दाखवितात, त्याची उपमा तिकडचे लोक देतात. आम्हांला मात्र मागे जुळवून ठेवलेल्या तंबोऱ्यांच्या जोडीची आठवण झाली. संपूर्ण कथेत हा स्वराधार ख्रिस्ताची सोबत करतो. फक्त एकदा तो नसतो. वधस्तंभावर, देवाने आपल्याला का टाकले असे तो विचारतो, त्या वाक्याला बाखने तंतुवाद्ये दिलेली नाहीत. तंबोरे एकाएकी थांबावेत आणि गवयाचा आवाज उघडा पडावा, तसे ते वाटले. देवाचा पुत्र म्हणून ज्याला मानले त्याचेही दुःख एकाकी असते, हे सांगायला शब्दांची गरज उरली नाही.

पेत्राचा प्रसंग असाच. आपण या माणसाला ओळखत नाही, असे हा पट्टशिष्य तीनदा सांगतो, कोंबडा आरवतो, पेत्र बाहेर जाऊन रडतो. त्यानंतर एक व्हायोलिन सुरू होते आणि मग मंद स्त्रीस्वराच्या पट्टीतला आवाज दयेची याचना करू लागतो. व्हायोलिन जी ओळ नटवून, मींड घेत आळवते तीच आवाज साधी करून गातो. वाद्याच्या तोडीचे सांगणे जणू माणसाच्या तोंडून निघत नाही. ग्वाल्हेरच्या वळणाचे गाणे ऐकत आमचे आयुष्य गेले. रागदारीशी या संगीताचा काही संबंध नाही, पण आळवणी म्हणजे काय हे येथे कोणाला समजावून सांगावे लागले नसते.

आमच्या मनात सर्वांत खोल गेली ती मात्र एक लहानशी जागा. अखेरच्या भोजनाच्या वेळी ख्रिस्त सांगतो की तुमच्यापैकीच एक जण माझा घात करील. शिष्य घाबरून, तो मी आहे काय, असे विचारू लागतात. बाखने वृंदाकडून प्रभूला घातलेली ही हाक अकरा वेळा गाववली आहे. शिष्य बारा; यहूदा गप्प आहे. आणि या प्रश्नाला उत्तर कोण देते? ख्रिस्त नव्हे, यहूदाही नव्हे. कथा तेथेच थांबते आणि सर्वांच्या ओळखीच्या स्तोत्राच्या चालीवर वृंद म्हणतो की अपराधी मीच, बंधने मलाच हवीत. १७२७ साली बाकांवर बसलेला व्यापारी, सोनार, मोलकरीण या सर्वांच्या वतीने ते उत्तर होते. सतराशे वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचा आरोपी बाकावरच बसलेला सापडला!

याच कथेत पुढे एक भयंकर वाक्य आहे. जमाव ओरडतो की याच्या रक्ताचा दोष आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो. शुभवर्तमानातील या एका वाक्याने युरोपात किती अनर्थ केला! ख्रिस्ताच्या मृत्यूचे खापर साऱ्या ज्यू समाजावर फोडण्यात आले आणि शतकानुशतके उत्तम शुक्रवार हा ज्यू वस्त्यांना दारे लावून बसण्याचा दिवस ठरला. बाखने ते वाक्य गाळले नाही. गाळणे त्याच्या हातीही नव्हते. दोष माझा, असे सांगणारे स्तोत्र आणि दोष त्यांचा, असे वाटायला लावणारा हा कल्लोळ एकाच पोथीत शेजारी शेजारी आहेत. ऐकणाऱ्याने कोणते घरी न्यायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधीत आम्ही दुसऱ्या दिवशी गावात हिंडलो. चर्चच्या समोरच्या झाडीत फेलिक्स मेंडेल्सोन याचा पुतळा आहे. बाखच्या निधनानंतर, म्हणजे १७५० नंतर, हे पॅशन हळूहळू विस्मृतीत गेले. ते जपले कोणी? बर्लिनच्या एका ज्यू कुटुंबाने. त्या घरची सारा लेवी बाखच्या थोरल्या मुलाकडे वाद्य शिकली आणि तिने बाख घराण्याची हस्तलिखिते आयुष्यभर सांभाळली. तिची बहीण बेला सालोमोन हिने आपल्या कोवळ्या नातवाला, फेलिक्सला, मत्तयकृत पॅशनची नक्कल करवून भेट दिली. या दोघी बहिणी अखेरपर्यंत ज्यूच राहिल्या. नातवाचा मात्र सातव्या वर्षी बाप्तिस्मा झाला होता. त्या नातवाने ११ मार्च १८२९ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, बर्लिनमध्ये ते पुन्हा लोकांना ऐकविले. ख्रिस्ती लोकांचे सर्वश्रेष्ठ संगीत त्यांना परत द्यायला एक ज्यूपुत्र यावा लागला, असे तो मित्राजवळ म्हणाल्याचे सांगतात. १८३५ पासून तो लाइपझिगला राहिला, येथे त्याने संगीताची शाळा काढली, स्वतःच्या कार्यक्रमांच्या उत्पन्नातून बाखचे स्मारक उभे केले आणि १८४१ साली हे पॅशन त्याच्या जन्मस्थानी, थॉमसच्या चर्चमध्ये, पुन्हा घुमविले.

आणि त्याची परतफेड? १८९२ साली उभारलेला त्याचा पुतळा नाझी राजवटीत, १९३६ च्या नोव्हेंबरात, एका रात्री उखडण्यात आला. नगरपती कार्ल गोर्डेलर त्या वेळी परदेशी होते. परत आल्यावर त्यांनी पुतळा पुन्हा बसविण्याचा आग्रह धरला. तो मानला गेला नाही, तेव्हा त्यांनी पद सोडले. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाल्याबद्दल १९४५ च्या फेब्रुवारीत त्यांना मृत्युदंड झाला. आज दिसतो तो पुतळा २००८ साली जुन्याबरहुकूम नव्याने घडविलेला आहे.

तेथून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर गोट्शेड रस्ता आहे. १८५५ साली बांधलेले ज्यूंचे मोठे प्रार्थनामंदिर येथे होते. १९३८ च्या ९ आणि १० नोव्हेंबरमधील रात्री ते जाळण्यात आले. त्या रिकाम्या जागेवर २००१ साली स्मारक केले. स्मारक म्हणजे काय, तर ओळीने मांडलेल्या कांस्याच्या १४० खुर्च्या. सगळ्या रिकाम्या. आदल्या दिवशी आम्ही ज्या बाकांवर दाटीवाटीने बसलो होतो त्यांची आठवण येथे चुकवू म्हटले तरी चुकेना. आम्ही त्या खुर्च्यांवर बसलो नाही. एक शाळकरी मुलगी दप्तर खाली ठेवून तेथे बुटाची नाडी बांधीत होती. तेही बरे वाटले.

शहरात दुःखाच्या खुणा आणखीही आहेत. विद्यापीठाचे जुने चर्च १९६८ च्या मे महिन्यात राज्यकर्त्यांनी सुरुंग लावून पाडले. उलट निकोलसच्या चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांतीसाठी प्रार्थना होई. तिच्यातूनच ९ ऑक्टोबर १९८९ रोजी सुमारे सत्तर हजार लोक रस्त्यावर आले आणि गोळी न सुटता राजवट डळमळली. ज्या चर्चमध्ये बाखचे पहिले पॅशन झाले ते हेच.

चर्चमध्ये आमच्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ लहानपणी याच वृंदात गायले होते. ते साम्यवादी राजवटीचे दिवस. या भागातील बहुसंख्य लोक आज कोणत्याच चर्चचे सभासद नाहीत, आणि तेही नव्हते. मग दर वर्षी का येता, असे भाच्याने विचारले. ते म्हणाले की वर्षातून एकदा आपल्याला कोणी विचारले पाहिजे, तो तू आहेस काय. आम्हांला आदल्या सायंकाळपासून जे बोलता येत नव्हते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

आपल्या परंपरेत कथा अशी दुःखात सोडीत नाहीत. करुण हाच मूळ रस मानणारा भवभूतीही उत्तररामचरिताच्या अखेरीस राम-सीतेची भेट घडवितो. हरिदासही मंगल गाऊनच उठतो. बाखचे पॅशन थडग्यापाशी संपते. पुनरुत्थानाचा भाग त्यात नाही, तो रविवारी. शुक्रवारी फक्त दोन्ही वृंद थडग्याशी बसून, निज म्हणून सांगतात. मात्र ही कथा मराठीला नवीन नाही, हेही सांगितले पाहिजे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून रचलेले, मराठी ओव्यांतील ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. बाखच्या पॅशनपूर्वी एकशे अकरा वर्षे हीच कथा गोव्यातील ख्रिस्ती मंडळी आपल्या ओवीत ऐकत होती. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या आधारे, ज्यांनी तो उतरवून ठेवला त्यांच्यामुळे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात ओळखीचे काही दिसावे. पोथ्या, चिजा, चाली यांना सरकार किंवा संस्था जपतात त्याहून अधिक काळ घरे जपतात. आणि कधी कधी ज्यांच्याविरुद्ध त्या पोथीत एखादे कठोर वाक्य असते त्यांचेच घर ती जपते. त्या आजीला ते वाक्य ठाऊक नव्हते असे आम्हांला वाटत नाही.

बाखचे अवशेष आता थॉमसच्या चर्चमध्येच, वेदीच्या पायथ्याशी आहेत. ज्या दफनभूमीत त्याला पुरले तेथे त्याच्या थडग्यावर खूणही नव्हती. १८९४ साली अवशेष शोधून काढले आणि १९५० पासून ते येथे आहेत. वरच्या कांस्यपत्र्यावर नावाखेरीज फारसे काही नाही. कोणी ना कोणी तेथे फुले ठेवलेली असतात. वाचकांपैकी कोणी त्या बाजूस गेल्यास शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता किंवा शनिवारी दुपारी तीन वाजता थोडे आधीच जाऊन बसावे. मुले गावात असली तर गातात, आणि प्रवेशमूल्य अगदी थोडे असते. लहान मुलांच्या अंगात खलाशी पद्धतीचे निळे कपडे असतात. गाणे संपले की ती जिन्यावरून धडधडत खाली येतात आणि दारात एकमेकांना ढकलीत बाहेर पळतात.